जुन्या मोटारीची निगा

मोटारगाडी नवी असतांना तिची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. विकणारी कंपनी ठराविक मुदतीनंतर आठवण देऊन गाडी तपासणीस बोलावते, आणि मालकही दर रविवारीं तिला धुवून पुसून लख्ख ठेवतो. परंतु दहा-बारा वर्षें लोटलीं, गाडी एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली, म्हणजे हा जिव्हाळा ओसरूं लागतो. "चालते आहे ना, मग कशाला हात लावा?" हें वाक्य जुन्या गाडीच्या मालकांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतें. आमच्या मतें ही समजूत रस्त्यांवरील खड्ड्यांहूनही अधिक घातक आहे, आणि तिचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं अशी एकादी जुनी गाडी असते, व तींतून सारें कुटुंब प्रवास करीत असतें. तेव्हां हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नसून घरच्या माणसांच्या जिवाचा आहे.

प्रथम जुनी गाडी म्हणजे कोणती तें पाहूं. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत फियाट गाड्या तयार होत असत. त्यांतलीच एक १९७४ पासून पद्मिनी ह्या नांवानें घरोघरीं ओळखली जाऊं लागली. मुंबईंत टॅक्सी म्हणून धांवणाऱ्या शेवटच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. तथापि हौशी मालकांनीं जपलेल्या पद्मिनी अद्यापि दृष्टीस पडतात. १९८३ च्या डिसेंबरांत अवतरलेली मारुती ८०० ही २०१४ सालीं बनावयाची थांबली, पण तिचाही संसार अजून चालूच आहे. ह्यांपैकीं जुन्या गाड्यांत पेट्रोल व हवा ह्यांचें मिश्रण कार्ब्युरेटरमध्यें होई. २००० सालच्या सुमारास धुराचे नियम कडक झाल्यावर त्याच्या जागीं विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारण्याची पद्धति आली. पद्धति कोणतीही असो, निगा राखण्याचें मूळ तत्त्व एकच आहे.

तें तत्त्व असें कीं, यंत्राचे दोष दोन प्रकारचे असतात : बोलके आणि मुके. दिवा लागेनासा झाला, भोंगा वाजेनासा झाला, चाकांतून खडखड ऐकूं आली, तर दोष स्वतः होऊन आपली वर्दी देतो, आणि मालक मुकाट्यानें गॅरेजचा रस्ता धरतो. मुका दोष मात्र शेवटच्या क्षणापर्यंत कसलीही तक्रार करीत नाहीं. गाडी पूर्वींसारखीच सुरू होते, पूर्वींसारखीच धांवते; आणि एके दिवशीं अकस्मात् घात करते. बोलक्या दोषासाठीं कान पुरे आहेत. मुक्या दोषासाठीं दिनदर्शिका आणि वही पाहिजे. नियमित निगा ती हीच.

ह्याचें पहिलें उदाहरण म्हणजे इंजिनचें तेल. इंजिन जोरांत चालूं लागलें म्हणजे त्याच्या पोटांतील प्रत्येक दट्ट्या मिनिटाला तीन-चार हजार वेळां वरखालीं होतो. धातूवर धातू घासूं नये म्हणून त्यांच्यामध्यें तेलाचा एक पातळ थर असतो. तेंच तेल उष्णता वाहून नेतें, आणि काजळी व धातूचे बारीक कण आपल्यांत सामावून घेतें. हें सामावून घेण्याचें सामर्थ्य अर्थातच मर्यादित असतें. गाडीच्या पुस्तिकेंत तेल बदलण्याची जी मुदत दिली असेल ती प्रमाण मानावी. साधें खनिज तेल वापरणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पांच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, ह्यांपैकीं जें आधीं येईल तें, असा सर्वसाधारण प्रघात आहे. कित्येकांना वाटतें कीं, आपली गाडी फारशी बाहेरच पडत नाहीं, मग तेल कशास बदलावें? परंतु एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. गाडी लांब पल्ला चालली तर ही वाफ निघून जाते; बाजारापर्यंत जाऊन परत आली तर इंजिन पुरतें तापतच नाहीं, आणि त्या वाफेचा कांहीं अंश थंड होऊन तेलांत मिसळतो. म्हणून थोडी चालणारी गाडी ही मुदतीच्या बाबतींत सूट मागण्यास पात्र नाहीं.

तेलाची पातळी पाहण्यास कारागीर लागत नाहीं. गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करून कांहीं मिनिटें थांबावें, तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढून स्वच्छ फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावें. तें दुधाळ, कॉफीसारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरत असण्याचा संभव आहे; अशा वेळीं गाडी न चालवितां मिस्त्रीला दाखवावी.

रेडिएटरच्या पाण्याचाही असाच प्रकार आहे. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी वर्षानुवर्षें घातलें तर चहाच्या किटलींत बसते तशी क्षारांची पुटें आंतील नळ्यांत बसतात, आणि इंजिन उन्हाळ्यांत तापूं लागतें. ह्यासाठीं शुद्ध केलेलें पाणी व गंज रोखणारें कूलंट पुस्तिकेंतील प्रमाणांत मिसळून घालावें आणि मुदतीनें बदलावें. येथें एक गोष्ट मुलांनीं कायमची ध्यानांत ठेवावी. रेडिएटरचें झांकण आंतील दाब वाढवून ठेवतें, व दाब वाढला म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदु वाढतो, हें आपण विज्ञानांत शिकतों. इंजिन गरम असतांना झांकण उघडलें तर दाब एकदम उतरतो, आणि शंभर अंशांहून अधिक तापलेलें पाणी तत्काळ उकळून अंगावर उसळतें. इंजिन पुरतें थंड होईपर्यंत त्या झांकणास हात लावूं नये.

आतां मुक्या दोषांतील सर्वांत भयंकर दोषाकडे वळूं. तो ब्रेक ऑइलचा होय. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखा पोहोंचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३–१६६२) ह्याचा सिद्धांत पाठ्यपुस्तकांत असतो. मोटारीचा ब्रेक हें त्याचेंच प्रत्यक्ष रूप आहे. पायानें दाबलेल्या पट्टीचा जोर द्रवाच्या द्वारें चारही चाकांपर्यंत जातो. द्रव दाबला जात नाहीं म्हणूनच हें शक्य होतें. परंतु नेहमींचें ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेणारें असतें. रबरी नळ्यांतून व टाकीच्या झांकणांतून ओलावा हळूहळू आंत शिरतो. आमच्या कोंकणांतील पावसाळ्यांत तर विचारूंच नये. डॉट ३ जातीचें नवें ऑइल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये, असें प्रमाण आहे. तेंच ओलावा शोषल्यावर १४० अंशांपर्यंत तरी टिकावें, एवढीच अपेक्षा असते. डॉट ४ जातीच्या बाबतींत हे आंकडे २३० आणि १५५ असे आहेत.

एवढी उष्णता ब्रेकला कोठून मिळते? त्याचें गणित आमच्या विद्यार्थ्यांना सहज करतां येईल. गाडी व आंतील माणसें मिळून १,२०० किलोग्रॅम वजन धरूं, आणि खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरतांना ती सुमारें ५०० मीटर खालीं येते असें मानूं. वस्तुमान, गुरुत्वाचें त्वरण ९.८ आणि उंची ह्यांचा गुणाकार केला म्हणजे ५८,८०,००० जूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारें ३,१५,००० जूल लागतात. म्हणजे ह्या एका उताराच्या ऊर्जेंत सुमारें अठरा लिटर पाणी उकळीस येईल! ह्यांपैकीं कांहीं ऊर्जा वारा व टायर ह्यांत खर्च होते, आणि गाडी खालच्या गिअरमध्यें असेल तर बराच भाग इंजिन सोसतें. पण पेट्रोल वांचविण्याच्या लोभानें कोणी गिअर काढून गाडी सोडली, तर जवळजवळ सारा भार ब्रेकवर येतो. अशा वेळीं ओलावलेलें ब्रेक ऑइल उकळतें, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ ही द्रवाप्रमाणें नसून दाबली जाणारी वस्तु असल्यामुळें पाय थेट तळाला जातो व गाडी थांबत नाहीं.

आणि आश्चर्य असें कीं, ब्रेक थंड झाल्यावर वाफेचें पुन्हां पाणी होतें, पट्टी पूर्ववत् घट्ट लागते, आणि दोषाची खूणही उरत नाहीं. गांवांत सपाट रस्त्यावर वर्षभर चाललेल्या गाडीनें एकदांही तक्रार केली नाहीं, ह्याचा अर्थ ती घाट उतरण्यास योग्य आहे असा होत नाहीं. म्हणून ब्रेक ऑइल गाडी थोडी चालो वा फार चालो, दर दोन वर्षांनीं बदलावें. त्याच वेळीं ब्रेकचीं लायनिंगें, पॅड व रबरी नळ्या तपासून घ्याव्या. घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवावी, आणि इंजिन कदापि बंद करूं नये.

रबराच्या वस्तूंनाही हाच न्याय लागूं आहे. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला असें समजावें. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली म्हणजे टायर बाद होय. परंतु नक्षी शिल्लक असूनही वयानें रबर तडकतें, हें विसरूं नये. स्टेपनीचीही तीच गोष्ट. कित्येक इंजिनांत झडपा वेळेवर उघडण्याचें काम एक दांतेरी रबरी पट्टा करतो. तो पुष्कळदां पूर्वसूचना न देतां तुटतो, आणि कांहीं इंजिनांत मग दट्टे व झडपा एकमेकांवर आदळून इंजिनचा चुराडा होतो. पट्ट्याची किंमत व इंजिन नवें करण्याची किंमत ह्यांत किती अंतर आहे, तें मिस्त्रीलाच विचारावें. पेट्रोलच्या जुन्या नळ्याही दर वेळीं पाहाव्या. हल्लीं पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि त्यासाठीं न बनविलेलें जुनें रबर त्यामुळें लवकर खराब होऊं शकतें. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर ती सुरू करूं नये.

कोणी म्हणतील, सरकारी तपासणी आहेच कीं! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते व त्या वेळीं गाडी तपासतात, हें खरें; पण पुढील नोंदणी पांच वर्षांची असते, आणि ब्रेक ऑइल तितका काळ वाट पाहत नाहीं. धुराच्या तपासणीचा दाखला तर केवळ धुराविषयीं बोलतो. ब्रेक व टायर ह्यांविषयीं त्यांत एक अक्षरही नसतें.

आतां काम करवून घेण्याविषयीं दोन शब्द. गाडी गॅरेजांत नेतांना "जरा सगळें बघा" असें मोघम सांगूं नये. कामांची यादी लिहून न्यावी आणि खर्चाचा अंदाज आधीं विचारावा. बदललेले जुने भाग परत मागून पाहावे. त्यांत अविश्वास नाहीं, उलट चांगला मिस्त्री ते आपण होऊन दाखवितो, आणि मुलांना तर तो एक उत्तम वस्तुपाठच होय. ब्रेकचे भाग केवळ स्वस्त मिळतात म्हणून नकली घेऊं नयेत. शक्य तों एकाच जाणत्या कारागिराकडे जावें, आणि त्याच्या मेहनतीचें मोल देतांना कुरकूर करूं नये. ज्याच्या हातांवर आपण मुलाबाळांचा जीव सोंपवितों, तो मनुष्य आदरास पात्र आहे. काढलेलें काळें तेल गटारांत किंवा नदींत ओतूं नये. तें गॅरेजमार्फत शुद्धीकरणासाठीं जावें.

विद्यार्थ्यांनीं घरीं मदत करतांना तीन बंधनें पाळावीं. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये. बंद खोलींत इंजिन चालूं ठेवूं नये; त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व तो प्राण घेतो. बॅटरीजवळ काडी ओढूं नये, कारण तींतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

आपल्या स्वाधीन झालेली वस्तु जुनी असो वा नवी, तिचा कारभार प्रामाणिकपणें पाहावा, ही शिकवण ह्या शाळेंत आपणांस नेहमीं मिळते. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक साधी वही करावी. तींत चार रकाने आंखावे : तारीख, किलोमीटरचा आंकडा, केलेलें काम आणि खर्च. पहिल्या ओळींत ब्रेक ऑइल शेवटीं केव्हां बदललें तें लिहावें. वडिलांना विचारून जर तो दिवस कोणासच आठवला नाहीं, तर पुढच्या घाटापूर्वीं काय करावयाचें तें आम्हीं निराळें सांगण्याची जरूर नाहीं.