फ्लूने सुजलेलं हृदय पुन्हा पूर्ववत कसं होतं?

प्रश्न : आमच्या कारखान्यातल्या तिशीच्या एका सहकाऱ्याला फ्लूनंतर हृदयाला सूज आली. हृदय जेमतेम वीस टक्के काम करतंय, असं डॉक्टर म्हणाले होते. काही आठवड्यांनी त्याचा इको नॉर्मल आला. हार्ट अटॅकनंतर हृदय असं सावरत नाही. मग त्याला कोणतं औषध लागू पडलं?
– एक वाचक, सिलतरा (रायपूर)

उत्तर : हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, पुढचा स्नायू मरतो आणि त्या जागी कायमचा व्रण उरतो. फ्लूनंतरच्या मायोकार्डायटिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या दाहात, काही पेशी मरतात हे खरं; पण पुष्कळशा जिवंत असतात. विषाणूविरुद्ध धावून आलेल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांनी सोडलेली रसायनं यांमुळे स्नायू सुजतो आणि त्याचं आकुंचन मंदावतं. इकोमध्ये अशा हृदयाची भिंत जाड दिसते, कप्पा मात्र फारसा फुगलेला नसतो. दाह ओसरला की त्याच पेशी पुन्हा कामाला लागतात.

मात्र ही सूज हमखास उतरवणारं एकच असं औषध नाही. ऑसेल्टामिविर विषाणूची वाढ रोखतं. आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिलं तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, पण गंभीर रुग्णाला ते उशिरानेही आणि स्वॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता देतात. स्टिरॉइडचा निर्णय अवघड असतो. हृदयदाहाच्या काही प्रकारांत ते जीव वाचवतं, तर फ्लूच्या न्यूमोनियात त्याने अपाय होऊ शकतो. दाह प्रतिकारशक्तीमुळेच भडकला आहे अशी दाट शंका असेल आणि रुग्ण शॉकमध्ये असेल, तर बायोप्सीआधीच मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा एक ग्रॅमचा डोस द्यावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० मध्ये सुचवलं. हा निर्णय तज्ज्ञांवरच सोडायला हवा.

खरा उपचार म्हणजे वेळ मिळवून देणं. डोब्युटामिन, नॉरअॅड्रेनालिनसारखी औषधं रक्तदाब सांभाळतात, ठोके फार मंदावले तर तात्पुरता पेसमेकर लावतात. एवढ्यानेही भागलं नाही तर ईसीएमओ. जांघेतल्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून, यंत्र ते धमनीत परत सोडतं, मिनिटाला तीन ते पाच लिटर. मोडलेलं हाड प्लास्टरने जुळत नाही, शरीरच ते जुळवतं, तोवर प्लास्टर त्याला जागेवर धरून ठेवतं. ईसीएमओचं काम तसंच आहे. धोकेही आहेत : रक्तस्राव, गुठळ्या, पायाचा रक्तपुरवठा तुटणं. मायोकार्डायटिसमुळे ईसीएमओवर ठेवलेल्या प्रौढांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीत दहापैकी साधारण सहा जण बरे होऊन घरी गेले. यंत्र लावण्याआधी त्यांची अवस्था काय होती हे लक्षात घेतलं, तर हा आकडा मोठा आहे.

२००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या एका अभ्यासाने असंही दाखवलं होतं की मायोकार्डायटिसने झपाट्याने कोसळलेल्या रुग्णांपैकी ९३ टक्के जण अकरा वर्षांनंतरही हृदयप्रत्यारोपणाशिवाय जिवंत होते. पण असे रुग्ण त्यात फक्त १५ होते. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी हा आशावाद बराच खाली आणला. तेव्हा ‘हे आपोआप बरं होतं’ असं कुणी म्हणू नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेळेवर न ओळखण्याची. सिलतऱ्यात स्पंज आयर्नची धूळ आणि भट्टीची धग रोजचीच. तिथे दम लागला की दोष धुळीला जातो, थकवा आला की ड्यूटीला. हृदयाची लक्षणं बहुधा फ्लूच्या चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास दिसतात, म्हणजे नेमकी ‘ताप उतरला, आता बरं’ असं वाटतं तेव्हा. आडवं पडल्यावर दम लागणं, छातीत दुखणं, धडधड, चक्कर येऊन पडणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं. लहान मुलांत तर नुसत्या उलट्या आणि पोटदुखी. अशा वेळी ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ हा आपल्याकडचा सोपा उपाय घातक ठरू शकतो, कारण थकलेल्या हृदयाला ते जादा पाणी पेलत नाही आणि ते फुप्फुसांत साचतं. आधी रक्तदाब, ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या इजेची खूण दाखवणारी) रक्ततपासणी मागा.

अशी लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठा. रायपुरात एम्स आहे, मेकाहारा या सरकारी रुग्णालयातही हृदयरोगाचा स्वतंत्र विभाग आहे. पोचल्यावर पहिल्याच दिवशी विचारा : गरज पडली तर ईसीएमओ कुठे मिळेल? रक्तदाब कोसळल्यावर रुग्णाला नागपूरपर्यंत पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर हलवणं फार जोखमीचं असतं.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला, तो देशातला पहिला. स्वाइन फ्लूचा तोच एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूचा भाग झाला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात तुमच्या सिलतऱ्यावरून जाणाऱ्या महामार्गावर पुढे, बिलासपुरात, त्याने बळी घेतले. म्हणून फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते.

तुमच्या सहकाऱ्याचा इको नॉर्मल आला, ही आनंदाची गोष्ट आहे. तरी आजारानंतर तीन ते सहा महिने त्याने जड काम आणि धावपळ टाळायला हवी, कारण आतला दाह पूर्ण निवळला नसेल तर श्रमाने ठोके जीवघेणे बिघडू शकतात. भट्टीवर परतण्याआधी इकोबरोबर होल्टर (दिवसभराचा ईसीजी) आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी, आणि तोवर हलकं काम मिळावं असं डॉक्टरांचं पत्र व्यवस्थापनाला द्यावं.