स्मरण आणि विक्षेप

गतवर्षी आषाढात भोर तालुक्यातील हिर्डोशी येथे असता एका तरुण वासनिकाने शंका काढली : ‘पहाटे स्मरणास बसतो, पाच नामे होतात न होतात तोच हात मोबाईलकडे जातो. हा दोष यंत्राचा की माझा?’ शंका प्रामाणिक होती. तिला घाईने उत्तर देणे बरे नव्हते.

स्मरण हे आपल्या आचाराचे मुख्य अंग होय. परंतु स्मरणाच्या आधी श्रवण असते, आणि ते अविभक्त चित्ताने घडावे लागते. म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला; त्यांतील हिराइसेचा पाठ प्रसिद्धच आहे. ऐकताना हिराइसेचे अर्धे चित्त अन्यत्र असते तर आपल्या हाती काय आले असते? आता ग्रंथ यंत्रात साठविता येतो, मग पाठांतर कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु साठवण म्हणजे स्मरण नव्हे. साठविलेले मागितल्यावर मिळते. स्मरलेले न मागता उठते, वाट चालता चालतादेखील.

आता दोषाविषयी. मनाची चंचलता जुनीच आहे. मात्र या यंत्रातील पुष्कळसा व्यवहार त्या चंचलतेवरच पोसला जातो. पाहणारा जितका रेंगाळेल तितक्या अधिक जाहिराती त्याच्यापुढे येतात. म्हणून एकट्याच्या निग्रहावर सारा भार टाकणे न्याय्य नव्हे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 च्या ऑगस्टपासून गावाने मिळून एक नेम धरला : सायंकाळी 7 वाजता भोंगा होताच घरोघरी मोबाईल व दूरचित्रवाणी बंद, ती 8.30 पर्यंत. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली आणि मुले त्यातच गुंतून राहिली, हे त्यामागील निमित्त. हा नेम धर्माचरणाचा नव्हे. तरी वेळ बांधून घेण्याची युक्ती साधकाने घेण्याजोगी आहे.

तरुणास आम्ही एवढेच विचारले, ‘आवणीच्या दिवसांत मोबाईल कोठे असतो?’

‘घरी, फळीवर. हात चिखलात असतात.’

‘त्याची आठवण होते?’

‘नाही.’

‘आणि नामाची?’

तो थोडा थांबला. ‘रोप लावता लावता येते कधी कधी,’ म्हणाला. पाऊस उघडला होता. तो खाचराकडे निघून गेला.