दिल्लीची थंडी आणि पौलाचा झगा



गेल्या नोव्हेंबरात माझ्या भाच्याचा दिल्लीहून फोन आला. तो दिल्ली विद्यापीठात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. एका नामांकित परदेशी कंपनीचा कोट त्याच्या मनात भरला होता. किंमत ३८,००० रुपये, आणि ती बारा हप्त्यांत फेडण्याची सोय. “मामा, वर्गातल्या निम्म्या मुलांकडे असले कोट आहेत. घेऊ का? पवित्र शास्त्रात याविषयी काही आहे का?” शेवटचा प्रश्न त्याने अर्धवट थट्टेने विचारला असावा. मी मात्र गंभीरपणे डोंगरावरील प्रवचनातील रानफुलांचा दाखला दिला, दोन अंगरखे असलेल्याने एक द्यावा ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची शिकवण ऐकवली आणि फोन ठेवला.

त्या रात्री गोधडीत शिरताना मला ओशाळल्यासारखे झाले. ज्याच्या गावी डिसेंबरातही पंखा लागतो, त्याने दिल्लीतल्या मुलाला रानफुलांकडे पाहावयास सांगणे सोपे असते. म्हणून पुन्हा शास्त्र उघडून बसलो. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहे. कारण आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुलेमुली आज शिक्षणासाठी दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे राहत आहेत, आणि हा प्रश्न केवळ माझ्या भाच्याचा नाही.

आधी थंडीविषयी. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी तापमान उणे ०.६ अंशांपर्यंत उतरले होते. १ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथे १.१ अंश नोंदले गेले. ३० डिसेंबर २०१९ रोजी तर भर दिवसाही पारा ९.४ अंशांच्या वर गेला नाही. शिवाय ही थंडी घरात शिरते. तेथील घरे व वसतिगृहे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. खोली गरम ठेवण्याची व्यवस्था बहुधा नसते, आणि धुके पडले की दोन दोन दिवस ऊन दिसत नाही. महाराष्ट्रातून गेलेले मूल पहिल्या वर्षी हमखास फसते. थंडीने महाराष्ट्रीयांना त्या मुलखात पूर्वीही गांजले आहे. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर आपले सैन्य उपासमारीइतकेच गारठ्यानेही खचलेले होते. तेव्हा उबदार कपडा घ्यावा की नाही हा प्रश्नच नव्हे. घ्यावा, आणि वेळेवर घ्यावा. कुडकुडत बसण्यात अध्यात्म नाही.

याला प्रेषित पौलाचा आधार आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट (४.९-२१) आपण सावकाश वाचून पाहा. पौल बंदिवासात आहे, मृत्यू समोर दिसतो आहे, एकेक सोबती दूर गेला आहे. अशा वेळी तो त्रोवस येथे कार्पाकडे राहिलेला आपला झगा मागवतो, आणि थोड्याच ओळींनंतर तीमथ्याला हिवाळा लागण्याच्या आत येण्यास विनवतो. मूळ ग्रीक शब्द ‘फेलोनेस’. तो लॅटिन ‘पेनुला’ या शब्दाशी जोडला जातो. पेनुला म्हणजे डोक्यातून घालावयाचे, बिनबाह्यांचे, जाड कापडाचे प्रवासी वस्त्र. (प्राचीन सुरियानी भाषांतरकारांना प्रेषिताने कपड्याची चिंता करावी हे रुचले नसावे की काय, त्यांनी येथे पुस्तके ठेवण्याची पेटी असा अर्थ घेतला! मला झगाच पटतो.) आशियाच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून एक जुना झगा आणवावयाचा, म्हणजे त्याची किती गरज असेल आणि नवा घेणे किती अवघड असेल, याचा विचार करा. त्याच वाक्यात तो पुस्तके व चर्मपत्रेही मागतो. विद्यार्थ्याने एवढे लक्षात ठेवावे.

आता किमतीकडे वळू. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायात सद्गुणी स्त्रीला हिमाची भीती वाटत नाही, कारण तिच्या घरच्या मंडळींना योग्य कपडे आहेत. कसे कपडे? इब्री हस्तलिखितांत मुळात स्वरचिन्हे नव्हती. तेथील व्यंजने ‘शानीम’ अशी वाचली तर अर्थ किरमिजी वस्त्रे, आणि ‘शनायिम’ अशी वाचली तर अर्थ दुहेरी वस्त्रे. बहुतेक भाषांतरे पहिला अर्थ घेतात. जुन्या लॅटिन वल्गात भाषांतराने दुसरा घेतला. किरमिजी रंग त्या काळी महागडा होता. म्हणजे एका वाचनाप्रमाणे ही गृहिणी किमती वस्त्रे घेते, दुसऱ्याप्रमाणे जाड. हिमाच्या संदर्भात मला दुहेरी हा अर्थ अधिक सरळ वाटतो, कारण रंगाने थंडी कशी वाजावयाची थांबेल? परंतु पहिला अर्थ घेतला तरी महाग वस्त्राचा तेथे धिक्कार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र ते तिने स्वतःच्या श्रमाने मिळवले आहे, आणि आदल्याच वचनात तिचा हात दरिद्र्यांकडे पुढे झालेला आहे.

मग खटकते ते काय? निर्गम २२.२६-२७ आणि अनुवाद २४.१२-१३ पाहा. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे, अशी आज्ञा आहे. दिवसा अंगावर घ्यावयाचे आणि रात्री तेच पांघरून निजावयाचे, असे ते एकुलते एक वस्त्र. ही आज्ञा नुसती ग्रंथात राहिली नव्हती. १९६० साली इस्राएलच्या किनाऱ्यावर मेसाद हशव्याहू येथे एक खापर सापडले. ते ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातील आहे. त्यावर शेतातील एका मजुराने अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज आहे: मी ठरलेले काम पुरे केले असतानाही माझे वस्त्र काढून नेले, ते मला परत मिळावे. निकाल काय लागला ते कोणालाही ठाऊक नाही. आमोसाने (२.८) तर गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीजवळ पहुडणाऱ्या भक्तांनाच फटकारले.

नियमशास्त्राच्या दृष्टीने पांघरूण ही अशी वस्तू आहे की जिच्यावर सावकाराचा हात पडू नये. आता पाहा, हप्त्यांवर घेतलेला कोट हा त्याच्या नेमका उलट आहे. तेथे कर्जापायी अंगावरचे वस्त्र जात होते. येथे वस्त्रापायीच कर्ज अंगावर येते. दरमहा तीन हजारांहून अधिक रक्कम, तीही एका शिक्षकाच्या पगारातून, आणि ज्या कोटाची गरज वर्षातून सहा ते आठ आठवडे आहे त्याच्यासाठी मे महिन्याच्या उन्हातही हप्ता चालूच. ज्याच्या घरी हा खर्च सहज झेपतो त्याचा प्रश्न वेगळा. माझा भाचा त्यांपैकी नाही, आणि हे पत्र वाचणारे पुष्कळजण नसतील.

या कोटांच्या उबेविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कॅनडा गूज ही कंपनी अशा वस्त्रांसाठी प्रसिद्ध आहे. तिचा एक नावाजलेला कोट १९८० च्या दशकात अंटार्क्टिकातील मॅकमर्डो संशोधन केंद्रावरील शास्त्रज्ञांसाठी तयार झाला. दिल्लीच्या मेट्रोत तो घालून बसल्यास घामच येईल. तेथील गारठ्याला आतून अंगाबरोबरचा लोकरी कपडा, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारे साधे जाकीट, कानटोपी व पायमोजे, आणि रात्री रजई, हीच योजना उत्तम. काश्मीरी गेटजवळच्या मॉनेस्टरी मार्केटमध्ये हे सारे चारपाच हजारांत सहज होते. म्हणजे उरलेले तेहतीस हजार ऊब विकत घेत नाहीत. ते बाहीवरचे चिन्ह विकत घेतात.

त्या चिन्हाला तुच्छ लेखू नये, एवढी विनंती मी पालकांना करतो. मूल परक्या शहरात असते, त्याच्या हिंदीला लोक हसतात, आणि वर्गात आपण कोणीतरी आहोत असे वाटण्याची त्याला भूक असते. इंग्लंडमधील बर्कनहेड येथील वुडचर्च हायस्कूलने २०१८ मध्ये असले महागडे कोट शाळेत घालण्यास मनाई केली. ज्यांना ते परवडत नाहीत अशा मुलांची मानहानी होऊ नये, हे कारण होते. तेव्हा ही लाज केवळ कल्पनेतली नाही. परंतु याकोब (२.१-४) ज्यांना दोष देतो ते कोण? झगझगीत वस्त्रे घालून आलेल्या माणसाला तो काहीच म्हणत नाही. त्याला पुढची जागा देणाऱ्या आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला तो दोष देतो. आपल्या उपासनेत नाताळच्या दिवशी कोणाला पुढे बोलावले जाते, हे आपण तपासले आहे काय? मुले ते पाहूनच शिकतात.

साधेपणाची बाजूही तपासावी लागेल. यहोशवा ७.२१ मध्ये आखानाला मोह पाडणारा तो शिनारचा झगा, आणि एलीयाने अलीशावर टाकलेला झगा, या दोहोंना इब्रीत एकच शब्द आहे: ‘अद्देरेत’. तोच शब्द जखऱ्या १३.४ मध्ये येतो. तेथे लोकांना फसवण्यासाठी केसांचा झगा घालणारे खोटे संदेष्टे आहेत. भरड कापडाचाही दिमाख मिरवता येतो. माझ्या खादीच्या सदऱ्याविषयी मला अनेक वर्षे असलेला अभिमान याच जातीचा होता, हे मी येथे कबूल करतो.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणारे आजचे पानिपत विद्यार्थ्यांनी एकदा पाहावे. जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे तेथे गठ्ठ्यांनी येतात. बटणे, चेनी, कंपनीची चिठ्ठी कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, कापड फाडून पुन्हा धागा कातला जातो आणि त्याची स्वस्त घोंगडी विणली जातात. आपत्तीच्या वेळी वाटली जाणारी ती कांबळी पुष्कळदा तेथलीच. कोणे एके काळी कोणीतरी हौसेने घेतलेला कोट असा, नाव गळून, एखाद्या निराश्रिताच्या अंगावर जातो. त्याच दिल्लीत १९९९ साली अंशु गुप्ता यांनी घरातले ६७ कपडे घेऊन ‘गूंज’ संस्थेचे काम सुरू केले. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भूकंप किंवा पूर आला म्हणजे आपण कपडे गोळा करतो, पण थंडी दरवर्षी येते आणि तिच्यासाठी कोणी गोळा करीत नाही, असे त्यांचे म्हणणे राहिले आहे.

मी आठवड्याने भाच्याला पुन्हा फोन केला. या वेळी आधी विचारले, रात्री थंडी वाजते का? वाजत होती; रजई पातळ होती, आणि हे त्याने आईलाही सांगितले नव्हते. आम्ही बराच वेळ बोललो. त्याने हप्त्यांचा कोट घेतला नाही. ७,२०० रुपयांचे एक जाकीट घेतले. ते मला अजूनही महाग वाटते, पण मी तसे म्हटले नाही. रजईचे पैसे मी पाठवले.