पावसाचा आकडा आणि गावाचे पाणी

पर्जन्यमापकात साचलेले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावयाचे, हा आपल्याकडील जुना प्रघात आहे. परंतु मिलिमीटरच्या त्या आकड्यावरून गावास पाणी किती लाभले, याचा हिशेब क्वचितच होतो. वास्तविक तो अवघड नाही. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, अर्थात १० घनमीटर पाणी.

उदाहरणार्थ, पर्जन्यछायेतील १,००० हेक्टर शिवाराचे, २,००० वस्तीचे एक गाव घेऊ. तेथे वर्षाकाठी ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४० लाख घनमीटर पाणी पडले. दरडोई दररोज ५५ लिटर धरल्यास ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढील आठ महिने घरगुती वापरास सुमारे २६,४०० घनमीटर पाणी पुरे. म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्काही नव्हे! तरीही उन्हाळ्यात टँकरची मागणी येते. कारण बरेचसे पाणी बाष्परूपाने उडून जाते, काही ओढ्यावाटे वाहून जाते आणि विहिरींत उरलेल्यावर पहिला हक्क पिकांचा समजला जातो. एक हेक्टर उसास सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते. हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत.

ओढ्याचा प्रवाह शाळेतील मुलांनाही मोजता येतो. सरळ पात्रात दहा मीटर अंतर आखून लाकडाचा तुकडा सोडावा. पात्र २ मीटर रुंद, सरासरी पाव मीटर खोल असून तुकड्यास २० सेकंद लागले, तर पृष्ठवेग सेकंदास अर्धा मीटर. तळाशी वेग मंदावतो, म्हणून त्यास ०.८५ ने गुणावे. प्रवाह सेकंदास सुमारे २१२ लिटर निघतो. पर्जन्यमापक मात्र उघड्यावरच हवा. लिंबाच्या सावलीत ठेवलेले यंत्र पावसाची नव्हे, झाडाची नोंद करते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर महिन्यांत मोजते. यांतील ऑक्टोबरची नोंद ग्रामपंचायतीस सर्वांत मोलाची, कारण रब्बीचा निर्णय तेव्हाच व्हावयाचा असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा असा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविण्याची प्रथा पाडली. तेथे पिण्याचे पाणी आधी वजा होते. उरलेल्यातून किती क्षेत्र भिजेल, हे पेरणीपूर्वीच फळ्यावर लिहिता येते. मार्चमध्ये विहीर आटल्यावर तेच आकडे मांडून उपयोग नसतो.