भिंतीतील वायरिंगला मोटारीची केबल नको

हळद विकून हाती पैसा आला की पुसेगाव परिसरात अनेकांच्या घराचे काम निघते. सिमेंट-लोखंडाचे भाव आपण चार दुकानांत विचारतो. वायरिंगचा विचार मात्र गिलाव्याच्या तोंडावर सुरू होतो. मग बोअरच्या मोटारीची उरलेली चपटी केबल खाच पाडून तशीच बुजवण्याचा मोह होतो. तांबे तर चांगले जाड आहे, मग बिघडले कुठे?

त्या केबलमधील लाल, पिवळी व निळी या तारा तीन फेजसाठी असतात. अर्थिंगची हिरवी तार तिच्यात नसते. दुरुस्तीला आलेल्या माणसाला न्यूट्रल कोणती हे रंगावरून कळत नाही आणि गिलाव्यात बुजलेली तार ओढून बदलताही येत नाही. शिवाय आपली भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असल्यास भिंती तडकतात आणि घट्ट बुजवलेल्या तारेवर थेट ताण येतो. पाइपमधून सैल ओवलेली तार सहसा वाचते. कापसाला मानवणारी ही जमीन घराला मात्र फारशी मानवत नाही!

तार किती जाड घ्यावी?

उपकरणाच्या वॅटला २३० ने भागले की अँपिअर निघतात. १,५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड सुमारे ६.५ अँपिअर घेतो, १,००० वॅटची इस्त्री ४.३. दोन्ही एकदम लावल्यास जवळजवळ ११ अँपिअर होतात. दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मि.मी. तांब्याची तार पुरते. रॉड, गिझर, घरघंटी यांच्या सॉकेटसाठी २.५ चौरस मि.मी. घ्यावी व तिची लाइन वेगळी ठेवावी. पहिलीला ६ आणि दुसरीला १६ अँपिअरचा एमसीबी बसवावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे म्हणजे जुन्या फ्यूजमध्ये जाड तार अडकवण्यासारखेच आहे: मग आधी भिंतीतली तार तापते. आयएसआय चिन्ह पाहूनच तार घ्यावी. फेजला लाल, न्यूट्रलला काळी व अर्थिंगला हिरवी, हा रंग सर्व घरात एकच ठेवावा.

पाइप कसा न्यावा?

बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवा न्यावा, तिरपा कधीही नको. पुढे खिळा किंवा खुंटी ठोकताना पाइप कोठे असेल याचा अंदाज त्यामुळेच येतो. मोरी व न्हाणीची ओली भिंत टाळावी. पाइप तारांनी ठासून भरू नये. जोड भिंतीत दडवू नये, तो जंक्शन बॉक्समध्येच असावा. जुन्या माळवदाच्या मातीच्या भिंतीत खाच पाडू नये. तेथे वरून पट्टीची फिटिंग बरी.

न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगवर दिवे चालवणे जिवावर बेतू शकते. अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र घ्यावा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. गिलावा करण्यापूर्वी दाराच्या चौकटीपासून पाइपाची अंतरे मोजून कागदावर नकाशा काढावा व तो घराच्या कागदपत्रांत ठेवावा.