खडीची परीक्षा

रस्त्याने जाणाऱ्याची दृष्टी सहसा पुढच्या वळणावर असते. पायाखाली काय आहे, याचा विचार फार थोडे करतात. सडकेचा काळा रंग पाहून पुष्कळांना वाटते की, सडक म्हणजे डांबरच. वस्तुतः ज्या मिश्रणाने तिचा वरचा थर होतो, त्याच्या १०० किलो वजनात डांबर ५ किलोच्या आसपास असते. उरलेला सारा दगड असतो, खडीच्या नाहीतर कचाच्या रूपाने. खालच्या थरांत तर मोठी खडी आणि मुरूम यांचेच राज्य असते. डांबर बांधून ठेवते, भार मात्र खडी वाहते. म्हणून सडकेचे आयुष्य मुख्यतः खडीच्या गुणांवर अवलंबून असते.

फोडलेल्या खडीचे हे सामर्थ्य जगाला पटवून दिले ते स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॲडम (१७५६–१८३६) याने. १८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. सडक बळकट व्हावी म्हणून तिच्या तळाशी मोठमोठे धोंडे रचण्याची तेव्हा चाल होती. मॅकॲडमने निराळाच मार्ग दाखविला. जमीन कोरडी ठेवावी, पाणी बाजूला काढून द्यावे आणि वर लहान, कोनदार खडी पसरावी. एकही दगड ६ औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नसावा, असे तो सांगे. गोल गोटे एकमेकांवरून घसरतात. परंतु कोनदार तुकडे गाड्यांच्या भाराने एकमेकांत गुंततात आणि अनेक तुकड्यांचा मिळून जणू एकच पाषाण होतो.

महाराष्ट्राला अशा दगडाची वानवा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त लाव्हारस वाहिला आणि थरावर थर साचून निवाला. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याला बेसाल्ट म्हणतात, तो त्यातूनच झाला. खाणीत सुरुंग लावून हा पाषाण फोडतात, खडीयंत्राच्या जबड्यात भरडतात आणि चाळण्यांनी त्याचे लहानमोठे प्रकार वेगळे करतात. परंतु एकाच डोंगरातला सारा दगड सारखा नसतो. कोठे लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांनी तो सच्छिद्र झालेला असतो, तर कोठे ऊनपावसाने झिजून ठिसूळ झालेला असतो. ढिगात पडल्यावर मात्र कित्येकदा सगळेच काळे दिसतात. त्यांतला भला कोणता आणि बुरा कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी कसे कळावे?

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे म्हणतात. खडीलाही सडकेवर जागा मिळण्याआधी घाव सोसावे लागतात. पहिल्या परीक्षेत खडीचे लहान तुकडे पोलादी पेल्यात ठेवतात. सुमारे १४ किलो वजनाचा हातोडा ३८ सेंटिमीटर उंचीवरून त्यांवर १५ वेळा पाडतात आणि मग बारीक चाळणीने भुगा वेगळा करून तोलतात. भारतीय मानकाप्रमाणे, सडकेच्या पृष्ठभागासाठी वापरायच्या खडीत हा भुगा १०० भागांत ३० भागांहून अधिक होता कामा नये. दुसरी परीक्षा झिजेची. अमेरिकेतील लॉस एंजेलिस नगराच्या नावाने ती ओळखली जाते. लोखंडी पिंपात खडी आणि पोलादी गोळे एकत्र घालून त्याला सामान्यतः ५०० फेरे देतात. वर्षानुवर्षे चाकांखाली दगड किती झिजेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आकाराचीही परीक्षा होते. चपटे आणि लांबट तुकडे भाराखाली लवकर मोडतात. त्यांचे प्रमाण मोजून मर्यादेत ठेवावे लागते. शेवटी पाण्याची कसोटी येते. खडी चोवीस तास पाण्यात ठेवून ती किती पाणी पिते, हे पाहतात. डांबर लावलेली खडीही ४० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात दिवसभर बुडवतात आणि डांबर कोठे सुटले, ते न्याहाळतात. काही दगड जात्याच डांबरापेक्षा पाण्याचे अधिक सोयरे असतात. पाणी मिळताच ते डांबराची संगत सोडतात.

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी, असा प्रश्न पडेल. निकृष्ट खडीची सडक उन्हाळ्यात तुळतुळीतच दिसते. पावसाळा आला की पाणी फटीत शिरते, डांबर दगडापासून सुटते, एक तुकडा निघतो, त्यामागून दुसरा निघतो आणि पाहता पाहता खड्डा पडतो. रात्रीच्या अंधारात तो खड्डा दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो. रुग्णाला घेऊन निघालेल्या गाडीचा वेग मंदावतो. प्रयोगशाळेत न केलेली परीक्षा मग सडकेवर होते आणि तिची किंमत निरपराध माणसांना मोजावी लागते.

चांगल्या दगडाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फोडलेला डोंगर पुन्हा उगवत नाही. परंतु सडकेतली खडी पुन्हा उपयोगी पडते. सडक जुनी झाली म्हणजे मुख्यतः तिचे डांबर ऊन आणि हवा यांनी कडक झालेले असते. आतला दगड पुष्कळदा शाबूत असतो. जुन्या थरावर नवे थर चढवीत गेल्यास सडक उंच होते आणि पावसाचे पाणी बाजूच्या घरांत शिरते. यास्तव रंध्याने लाकूड तासावे, तसा जुना थर यंत्राने तासून काढतात आणि त्यात नवी खडी व नवे डांबर योग्य प्रमाणात मिसळून तो पुन्हा वापरतात. पाडलेल्या इमारतींचे काँक्रीट भरडूनही खडी करतात. गुजरातमध्ये सुरतजवळ हजिरा येथे पोलादाच्या कारखान्यातील मळीपासून केलेल्या खडीची सुमारे १ किलोमीटरची सडक २०२२ साली पुरी झाली.

तथापि, पुनर्वापर म्हणजे मिळेल ते सडकेत ढकलणे नव्हे. जुन्या काँक्रीटच्या तुकड्याला सिमेंटचा लेप चिकटलेला असतो आणि तो अधिक पाणी पितो. पोलादाच्या मळीत मोकळा चुना असल्यास ती ओल लागून फुगते. म्हणून तिला आधी हवापाणी लागू देऊन मुरवावे लागते. खडी नवी असो वा जुनी, डोंगराची असो वा कारखान्याची, तिची परीक्षा चुकत नाही. ढीग कोठून आला, हे चाळणी विचारीत नाही. तराजूही त्याचे मोल त्याच्या गुणांवरूनच ठरवितो.

सडक पुरी झाली की खडी डांबराखाली झाकली जाते. तिच्यावरून जाणाऱ्या सहस्रावधी प्रवाशांपैकी कोणीही तिची विचारपूस करीत नाही. परंतु जेथे कोणाची दृष्टी पोहोचत नाही, तेथेही ज्यांनी आपले काम चोख केले, त्यांच्या भरवशावरच ते सारे प्रवासी निर्धास्तपणे घरी पोहोचतात.

अभ्यास
१. ‘डांबर बांधून ठेवते, भार मात्र खडी वाहते,’ हे विधान स्पष्ट करा.
२. कोनदार खडी गोल गोट्यांपेक्षा सडकेसाठी अधिक उपयुक्त का?
३. जुन्या खडीचीही परीक्षा का घ्यावी लागते? दोन उदाहरणे द्या.
४. वाक्यांत उपयोग करा : वानवा असणे, जिवावर बेतणे, किंमत मोजणे.