आरोग्य पाठ : ‘सार्टन’ गोळी शरीरात काय करते?



पाड्यांवरील तपासणीत ज्यांचा रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरतो, त्यांना डॉक्टर पुष्कळदा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतात. मग लोक मला विचारतात, “ताई, काहीच दुखत नाही, मग गोळी कशाला?” आपल्यालाही याचे उत्तर देता यावे, म्हणून हा पाठ.

मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोहोचले की तेथून रेनिन रक्तात उतरते. त्यामुळे टप्प्याटप्प्याने अँजिओटेन्सिन-२ तयार होते. कुलपात किल्ली बसावी तसे ते रक्तवाहिन्यांतील ठरावीक जागी बसते आणि वाहिन्या आवळल्या जातात. शरीरात मीठ व पाणीही धरून ठेवले जाते. रक्तस्राव किंवा जुलाब झाले तर निर्माणकर्त्याने ठेवलेली हीच व्यवस्था जीव वाचवते. पण ती विनाकारण चालू राहिली, तर दाब चढून हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांची हानी होते, तीही न दुखता.

सार्टन गोळी त्या कुलपात आधीच जाऊन बसते. किल्लीला जागाच उरत नाही. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. या गटातील पहिली गोळी, लोसार्टन, १९९५ साली वापरात आली. एनालाप्रिलसारख्या आधीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. हिने तो क्वचितच येतो.

मात्र गोळी कुलपात कायमची राहत नाही, म्हणून ती रोज घ्यावी लागते. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात, तिथे गोळ्या संपतात आणि दाब पुन्हा चढतो. कमावता माणूस लकव्याने आडवा झाला तर अख्खे घर उघड्यावर येते.

भेटीला जाल तेव्हा एवढे सांगा :

• बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. गावाबाहेर जाण्याआधी पुरेशा गोळ्या घ्याव्यात.
• गरोदरपणात ही गोळी चालत नाही. दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांना सांगावे.
• जुलाब-उलट्या झाल्यास गोळी चालू ठेवावी का, हे लगेच विचारावे.
• अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंडावर ताण येतो.
• डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे.
• सुकी मासळी, लोणचे आणि वरचे मीठ कमी करावे.

शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही. आजाऱ्यासाठी गुडघे टेका, आणि उठताना त्याची गोळ्यांची पट्टी संपत आली नाही ना, तेही पाहा.